दोन एमएमचा ड्रायव्हर

माझे यजमान समुद्रपूरकडच्या एका आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचे निदेशक होते. कानस कशी धरायची, हॅकसॉचं पातं कोणत्या बाजूनं लावायचं, हे शिकवण्यात त्यांची वीसेक वर्षं गेली. सिंदी मेघेच्या घरून सकाळी एसटीनं जायचं, संध्याकाळी यायचं, चहा घ्यायचा आणि मागच्या खोलीत टेबलाशी बसायचं, असा त्यांचा दिवस. टेबलावर त्यांचा ट्रक असे. रिमोटवर चालणारा, हातभर लांब, जाडजूड चाकांचा. तो जोरात पळत नसे, खडकांवरून हळूहळू चढत असे. रविवारी ते आणि आयटीआयमधलेच त्यांचे एक मित्र आपापले ट्रक घेऊन पवनारला धाम नदीच्या पात्रात जायचे. मी एकदाच सोबत गेले होते. पन्नाशीचे दोन पुरुष खडकांमध्ये उकिडवे बसून एकमेकांच्या ट्रकला "चढ, चढ" म्हणत होते. यांचा ट्रक उलटा झाला तेव्हा दोघं इतके हसले की यांना ठसका लागला. घरी त्यांना तसं हसताना मी पाहिलेलं नव्हतं.

दुखणं अंगठ्यापासून सुरू झालं. उजव्या हातानं कुलपात किल्ली फिरेना. मग शर्टाचं वरचं बटण लागेना. अंगठा आणि तर्जनीमधला मांसल भाग आत बसत गेला, तिथे खळगा पडला. वर्ध्यातल्या डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं. तिथे हातापायांत सुया टोचून तपासण्या झाल्या आणि तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं. नसांचा आजार आहे. स्नायू सुकत जातील. आधी हात, मग पाय, बोलणं, गिळणं, शेवटी श्वास. औषध आहे, पण बरं करणारं नाही.

"किती दिवस?" यांनी विचारलं. वर्कशॉपमध्ये एखाद्या जॉबला किती वेळ लागेल असं विचारावं, तशा आवाजात.

"प्रत्येकाचं वेगळं असतं," डॉक्टर म्हणाले. "दोन-तीन वर्षं धरून चला."

परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले होते. मला रडू येत होतं, पण समोरच्या सीटवर ओळखीच्या बाई होत्या. सेलू गेल्यावर ते म्हणाले, "ट्रकचा मागचा अ‍ॅक्सल खोलाचा आहे. माझ्याजवळचे स्क्रूड्रायव्हर बारीक मुठीचे आहेत. आता धरता येत नाई. तुले नवे आणा लागन."

मी सेलूला शाळेत शिक्षिका आहे. मला पट्टी, खडू, मुलांच्या वह्या माहीत. हत्यारं त्यांच्या खोलीतली. पुढच्या महिन्यात औषध आणायला मी एकटीच नागपूरला निघाले, तेव्हा त्यांनी मला समोर बसवून शिकवलं. ट्रकचे सगळे स्क्रू षट्कोनी खाचेचे असतात. दीड, दोन, अडीच आणि तीन एमएम. सगळ्यात जास्त लागतो तो दोनचा. मूठ जाड हवी, रबराची, नुसत्या अ‍ॅल्युमिनियमची नको, घामानं घसरते. गोल टोकाचा घ्यायचा नाही, तो घट्ट स्क्रूत लवकर झिजतो. मग त्यांनी कागदाच्या पुडीत एक नवाकोरा स्क्रू बांधून दिला.

"हा सोबत ने. ड्रायव्हर यात घालून पाहजो. हलला नाई पाहिजे. जरासाही खेळ असन तर ठेवून देजो. वीस वर्षं टिकन असा आण."

वीस वर्षं, असंच म्हणाले. मी पुडी पर्समध्ये ठेवली.

अशा ट्रकांचं सामान मिळणारं दुकान एका गल्लीत पहिल्या मजल्यावर होतं. दुकानदारानं काचेवर दोन सेट मांडले. मी पुडी सोडून स्क्रू काढला तसा तो हसला, "कोणी हुशार माणसानं पाठवलं दिसते तुम्हाले." मी एकेक ड्रायव्हर स्क्रूत घालून पाहिला. एका सेटमधला दोनचा किंचित हलत होता. दुसऱ्यातला असा बसला की स्क्रू टोकाला धरून वर आला.

"फरक आहे मॅडम," तो म्हणाला. "किती वर्षं चालवाचे आहेत? दोन-चार वर्षांचं काम असन तर हा सेट बस आहे. जिंदगीभर पाहिजे असन तर तो घ्या."

त्याला काय ठाऊक. तो येईल त्या प्रत्येकाला हेच विचारत असणार.

पैशाची अडचण नव्हती. आम्हा दोघांनाही पगार होता. तरी माझं बोट पहिल्या सेटकडे गेलं. मी स्वतःला काही समजावलं नाही, काही ठरवलं नाही. त्यानं दोन-चार वर्षं म्हटलं, माझ्या डोक्यात डॉक्टरांचं वाक्य होतं, आणि दोन्ही एकमेकांत बसली. तो सेट घेऊन मी बसस्टँडवर आले, बाकावर बसले आणि तिथे मला कळलं की मी काय केलं. परत जायला वेळ होता. मी गेले नाही.

घरी आल्यावर त्यांनी दोनचा ड्रायव्हर हातात घेऊन फिरवला. मग म्हणाले, "कानस दे." मी दिली. डाव्या हातानं त्यांनी कानस टोकावरून हलकेच ओढली. टोकावर चकाकणारी रेघ उमटली.

"कानस चावून राह्यली," ते म्हणाले. "चांगल्या पोलादावर कानस घसरते. हे मऊ आहे. स्क्रूत घालून पाह्यला होता?"

"पाहिला."

"हलला?"

"थोडा."

"मंग काऊन घेतला?"

मला खोटं सांगता आलं असतं. दुसरा नव्हता म्हटलं असतं तर त्यांनी मानलं असतं. पण मी म्हणाले, "दुकानदारानं विचारलं, किती वर्षं चालवायचे आहेत."

त्यांनी कानस खाली ठेवली. रागावले असते तर मला सोसलं असतं.

"बराबर आहे तुझं," ते म्हणाले आणि ट्रक पुढे ओढून कामाला लागले.

पहिले दोन स्क्रू निघाले. तिसऱ्याला, सैल होऊ नये म्हणून लावतात तो निळा गोंद लावलेला होता. त्यांनी दोन्ही हातांनी मूठ धरून जोर केला. ड्रायव्हरचं टोक फिरलं, स्क्रू जागचा हलला नाही. त्याची षट्कोनी खाच गोल होऊन गेली. त्यांनी ड्रायव्हर टेबलावर ठेवला आणि हात मांडीवर घेतले.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत रजा टाकली आणि नागपूरला गेले. दुसरा सेट आणला. दुकानदारानं पहिल्याची चौकशी केली नाही, मीही सांगितलं नाही. यांनी नव्या ड्रायव्हरवर कानस ओढली, ती घसरली. ते "हं" म्हणाले. आदल्या दिवसाबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. बोललो असतो तर बरं झालं असतं का, मला सांगता येत नाही.

त्यांचे मित्र एका रविवारी आले आणि सोल्डरिंगच्या गरम टोकानं तो गोंद वितळवून खराब झालेला स्क्रू काढून दिला. पुढचे काही आठवडे बरे गेले. यांनी मागचा अ‍ॅक्सल पूर्ण खोलला, गिअर रॉकेलनं धुतले, ग्रीस भरलं. मूठ आणखी जाड व्हावी म्हणून मी सायकलच्या ट्यूबची पट्टी तिच्यावर गुंडाळली. मग मूठ कितीही जाड केली तरी बोटं वळेनात. एका संध्याकाळी त्यांनी ड्रायव्हर माझ्यापुढे सरकवला.

"आता तू फिरव."

मी त्यांची सगळ्यात ढ विद्यार्थिनी असेन. स्क्रू तिरपा बसायचा, खाली पडायचा. "अवं, घाई काऊन करून राह्यली? आधी दाब दे, मंग फिरव," ते म्हणायचे. कधी कधी ते माझ्या मनगटावर त्यांचं मनगट टेकवायचे, दाब किती द्यायचा ते सांगायला. त्या हाताला वजन उरलं नव्हतं. आम्ही रोज अर्धा तास बसायचो. दिवाळीपर्यंत पुढचा अ‍ॅक्सल झाला. ट्रक चालला असता, पण खडकांपर्यंत त्यांना नेणार कोण आणि कसं, हा विषय दोघंही टाळत होतो. तोवर पाय गेले होते.

मग बोलणं गेलं. आधी शब्द एकमेकांना चिकटायला लागले. शाळेत मला बोबडी मुलं समजतात, म्हणून मला वाटायचं, यांचंही समजेल. एका दुपारी मी चाकाचा नट बसवत होते आणि ते काहीतरी म्हणाले. मला कळलं नाही. पुन्हा म्हणाले. मी पाणी आणलं. त्यांनी मान हलवली. मी टॉवेल आणला, मग पाठीमागची उशी नीट केली. ते तेच म्हणत राहिले, चौथ्यांदा, पाचव्यांदा, मोठ्यानं. तोंडातून लाळ गळत होती. "अहो, एकेक अक्षर सांगा ना," मी म्हणाले. माझाही आवाज चढला होता, तो मला ऐकू आला. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

दुसऱ्या दिवशी झाडताना टेबलाच्या पायाशी वॉशर सापडला. चाकामागे बसतो तो. माझ्या हातून पडलेला त्यांनी पाहिला होता आणि मला सांगत होते. मी तो त्यांच्या डोळ्यांपुढे धरला. "हाच ना?" त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. त्यानंतर मी ट्रक टेबलावर घेतला की ते डोळे मिटून घ्यायचे. आठवडाभरानं मी घेणं बंद केलं.

आता नाकातून नळी आहे. दर तीन तासांनी पातळ अन्न द्यायचं, कूस बदलायची, छातीतला कफ मशीननं ओढायचा. मी बिनपगारी रजेवर आहे. होय म्हणायचं तर डोळे एकदा मिटायचे, नाही म्हणायचं तर दोनदा, असं आम्ही ठरवलं. सुरुवातीला मी दिवसातून शंभर गोष्टी विचारायची. आता विचारण्यासारखंही फारसं उरलं नाही.

मागच्या पौर्णिमेला विहारातून घरी जाताना त्यांचे मित्र आले. पूर्वी दर रविवारी यायचे, आता महिन्यातून एकदा. पलंगाशी बसले की ते पंख्याकडे पाहत राहतात. उठताना ते दाराशी मला हळूच म्हणाले, "वहिनी, ट्रक अन् हत्यारं आयटीआयत नेऊ का? पडून राह्यले की गंज धरते. पोरं वापरतीन."

"त्यांनाच विचारा," मी म्हणाले.

ते परत पलंगाशी गेले, वाकले आणि त्यांनी विचारलं. यांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग डोळे मिटले.

आम्ही वाट पाहिली. डोळे उघडले नाहीत. उघडून पुन्हा मिटले असते तर नाही, उघडेच राहिले असते तर होय. पण ते तसेच मिटलेले राहिले. झोप लागली होती की उत्तर द्यायचं नव्हतं, कळायला मार्ग नव्हता. मित्र "येतो वहिनी" म्हणून चप्पल घालून निघून गेले.

मी पुन्हा विचारलं नाही. कफ ओढायची वेळ झाली होती, मी मशीन लावलं.