मधूचं बोलणं

प्राचीचा फोन आला तेव्हा मी बोरिवलीच्या मंडईत शेवग्याच्या शेंगा निवडत होतो. "दिगूकाका, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. मग फोनवर नुसता घरातल्या माणसांचा आवाज येत राहिला, कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं... शेंगा तशाच टाकून मी रिक्षा पकडली आणि कांदिवलीला पोचलो. मधू माझा लहानपणापासूनचा दोस्त. आमचे दोघांचे वडील कोकणातल्या एकाच वाडीतून आले, एकाच गिरणीत लागले, आणि आम्ही कांदिवलीच्या एकाच चाळीत वाढलो. सकाळी चहा पिऊन तो पेपर वाचत बसला होता, छातीत कळ आली, डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलेलं. दुपारी स्मशानात बरीच माणसं जमली. त्याच्या कंपनीतले जुने लोक, सोसायटीतले शेजारी, त्याच्या लेकीच्या, म्हणजे प्राचीच्या सासरची मंडळी. जो तो एकच म्हणत होता, "फार शांत माणूस हो. कुणाच्या अध्यात ना मध्यात." ते काही खोटं नव्हतं. गेली कित्येक वर्षं मधू कामापुरतंच बोलायचा. पण तिथं उभ्या असलेल्या फार थोड्यांना ठाऊक होतं, की या शांत माणसाचं बोलणं ऐकायला एके काळी लोक मुलुंड-घाटकोपरहून येत आणि पुढची जागा मिळावी म्हणून तासभर आधी चटई टाकून बसत.

आमच्या गाववाल्यांचं मंडळ होतं. वर्षातून दोन-तीनदा दशावतार करायचं, कधी चाळीच्या सत्यनारायणाला, कधी शाळेचा हॉल घेऊन. मी पेटीवर असायचो. दशावतार पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो, यात लिहिलेलं नाटक नसतं. प्रयोगाआधी मुख्य माणूस कथा सांगतो, कोण राजा, कोण राणी, कोण राक्षस ते ठरवतो. पुढे बोलायचं ते ज्याचं त्यानं, तिथं उभ्या उभ्या सुचेल तसं. बायकांची कामं पुरुषच करतात. एका वर्षी राणीचं काम करणारे आबा आयत्या वेळी आजारी पडले. मधूला तेव्हा नुकती मिसरूड फुटत होती. ती भादरून, आईची हिरवी साडी नेसवून त्याला उभा केला. सगळ्यांनी बजावलं होतं, फार बोलू नकोस, राजा वनात जा म्हणाला की रड आणि जा. राजानं हुकूम सोडला. मी पेटीवर रडण्याचे सूर धरले. आणि मधू रडलाच नाही. तो पदर सारखा करून शांतपणे म्हणाला, "जाते महाराज. फक्त माझी खोली एवढ्यात झाडू नका. माझे गळलेले केस असतील तिथं. ते तरी काही दिवस घरात राहू देत."

पुढं बसलेल्या बायकांमध्ये जी शांतता पसरली ती मला अजून ऐकू येते. माझी बोटं पेटीवर तशीच थांबली. प्रयोगानंतर रंग पुसताना मी त्याला विचारलं, "कुठून आणलंस रे हे?" तो म्हणाला, "ठावक नाय रे. तोंडात इला, बोललंय."

पुढची तीस-बत्तीस वर्षं राणीचं काम मधूचंच झालं. तीच कथा, तोच राजा, पण राणी दर वेळी वेगळी. कधी ती भांडायची, कधी राजाला जेवलात का विचारायची आणि मगच निघायची. एकदा ती जाता जाता दाराशी वळून नुसती म्हणाली, "दिवा लावायचं आता कोण लक्षात ठेवेल?" तर माझी आई, जी कधी कुणासमोर रडली नाही, ती उठून हॉलबाहेर गेली. त्याला आधीचं वाक्य पुन्हा म्हण म्हटलं तर जमायचं नाही. कुणीतरी एकदा टेपरेकॉर्डर आणला होता. कॅसेट लावली तर नुसता मृदंग, झांज आणि एका तान्ह्या पोराचं रडणं. मधू हसून म्हणाला, "जाऊ दे यार, पुढच्या वेळी दुसरं बोलीन." तेव्हा आम्हाला सगळ्यांनाच वाटायचं, पुढची वेळ असतेच.

तो औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होता. एकदा कंपनीच्या गेटसमोर चहा पिताना मी त्याला विचारलं, इतकी धावपळ करून, सुट्ट्या खर्चून हे कशाला करतोस? तो बराच वेळ ग्लास फिरवत राहिला. मग म्हणाला, "दिवसभर मी काय बोलतो सांग. खोका दे, पट्टी मार. घरी गेलो की दूध आणलं का, गॅसचा नंबर लावला का. मधे एवढं सगळं साठतं रे आत... मधू म्हणून ते बोलायला गेलो तर जीभ उचलत नाही. लाजच वाटते. साडी नेसली की येतं आपोआप." माणसाला बोलावंसं का वाटतं, यावर मी नंतर पुष्कळ विद्वानांची व्याख्यानं ऐकली. पण त्या चहाच्या टपरीवर ऐकलं त्याहून जास्त काही माझ्या हाती लागलं नाही.

त्याची बायको सुलभावहिनी मालवणकडची. लग्न झालं तेव्हा नवरा साडी नेसून उभा राहतो म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले होते. दोन वर्षांत त्याच त्याच्या निऱ्या चोपून द्यायला विंगेत उभ्या राहू लागल्या. प्राची तर विंगेतच मोठी झाली.

मग प्राचीचं लग्न ठरायची वेळ आली. अंधेरीचं स्थळ होतं, मुलगा निलेश चांगला शिकलेला, प्राचीलाही पसंत. बघण्याच्या कार्यक्रमाला मीही होतो. पोहे खाता खाता मुलाच्या काकांनी मधूकडे निरखून बघितलं आणि म्हणाले, "अहो, तुम्हीच ना ते राणी होणारे? मग तुम्हाला हळदीकुंकवालाच बोलवायला पाहिजे आमच्याकडे!" सगळे हसले. मधूही हसला. लग्न थाटात पार पडलं. त्यानंतरच्या प्रयोगाला मधू आला नाही. गुडघा धरला म्हणाला. पुढच्या वेळीही तेच. एक दिवस त्यानं साड्या, खोट्या वेण्या, बांगड्या, सगळी ट्रंक मंडळाच्या खोलीत आणून ठेवली आणि म्हणाला, "कोणी नवीन पोरगा आला तर होईल त्याला." आम्ही डॉक्टर सुचवले, तेलं सुचवली. तो मान डोलवायचा. आणि हळूहळू तो माणूस आटत गेला. रविवारी मी त्याच्याकडे जायचो, आम्ही दोघं टीव्हीवर क्रिकेट बघायचो. मी दहा वाक्यं बोललो की तो एक हुंकार द्यायचा. वय झालं, असंच मी धरून चाललो होतो.

बरीच वर्षं गेली. तो निवृत्त झाला, प्राचीची मुलगी शाळेत जायला लागली. गेल्या वर्षी एका रविवारी आम्ही असेच बसलो होतो. बेल वाजली आणि प्राची एकटीच आत आली. चपलाही नीट काढल्या नव्हत्या. सरळ मधूसमोर उभी राहिली.

"बाबा, गुडघा कुठला दुखतो तुमचा?"

मधूनं गोंधळून उजव्या गुडघ्यावर हात ठेवला.

"नीट आठवा. आम्हाला डावा सांगितला होता तुम्ही."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबल्या. प्राची खाली बसली आणि रडत रडतच तिनं सांगितलं. सकाळी चहाच्या वेळी गोष्टीतून गोष्ट निघाली, आणि निलेश सहज बोलून गेला, की लग्नाआधी त्याच्या काकांनी मध्यस्थामार्फत निरोप पाठवला होता. बाकी सगळं पसंत आहे, फक्त ते साडी नेसून नाचणं बंद करा, लोक नावं ठेवतात. मधूनं मध्यस्थाच्या घरी बसल्या बसल्याच हो म्हटलं होतं. घरात कुणाला एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

"मला कुणी विचारलं?" प्राची म्हणाली. "माझ्या लग्नासाठी तुम्ही तुमचं बोलणं देऊन टाकलंत बाबा, आणि मला विचारलंसुद्धा नाही?"

"अगं, स्थळ चांगलं होतं..."

"चांगलंच आहे! पण निलेश काय म्हणाला माहितीये? तुम्ही नाही म्हणाला असतात तरी लग्न झालंच असतं. काकांचं घरात कोण ऐकतं म्हणाला. तो समजत होता, तुम्हालाच कंटाळा आला असेल."

टीव्हीवर मॅच चालू होती. मधूनं रिमोट उचलून आवाज तेवढा बंद केला आणि त्या मुक्या मॅचकडे बघत बसला.

प्राचीनंच मग हट्ट धरला. मंडळाकडे जाऊन तारीख ठरवून आली, ट्रंक सोडवून आणली, साड्या स्वतः इस्त्री केल्या. मधू आधी नको म्हणाला, मग गप्प राहिला. शेवटी एक दिवस माझ्याकडे येऊन म्हणाला, "पेटी तूच धर हां." संध्याकाळचा प्रयोग होता, शाळेच्याच हॉलमध्ये. निलेश आणि त्याची आई हार घेऊन पहिल्या रांगेत बसले होते. मधू हिरवी साडी नेसून आला तेव्हा जुन्या लोकांनी शिट्ट्या मारल्या. राजानं वनात जायचा हुकूम सोडला. मी सूर धरला आणि वाट बघत राहिलो. मधूनं पदर सारखा केला. तोंड उघडलं... मी तोच सूर पुन्हा फिरवला, पुन्हा फिरवला. शेवटी तो म्हणाला, "महाराज, माझा अपराध काय?" हे वाक्य कुठल्याही मंडळाची कुठलीही राणी म्हणते. पुढची सगळी वाक्यंही तशीच आली, पाठ केल्यासारखी. टाळ्या खूप झाल्या. प्राचीला रडू आवरत नव्हतं. आत रंग पुसताना तो आरशात माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "दिगू, इला नाय रे." मी म्हटलं, "सवय गेली. पुढल्या वेळी येईल." त्यानंही मान हलवली. पुढच्या प्रयोगाची तारीख ठरायच्या आत तो गेला.

महिना उलटल्यावर मी वहिनींना भेटायला गेलो. सकाळची वेळ होती, नुकतंच पाणी आलं होतं. बसलो, चहा झाला. बोलता बोलता मी त्या प्रयोगाचा विषय काढला, म्हटलं, इतकी वर्षं तोंड बंद ठेवलं, मग शब्द तरी कसे येणार?

"बंद कुठं होतं भावजी?" वहिनी म्हणाल्या. "रोज बोलायचे ते. अंघोळीला गेले की नळ पूर्ण सोडायचे आणि आत सुरू व्हायचे. मला नुसतं पुटपुटणं ऐकू यायचं. गुडघा दुखणारा माणूस इतका वेळ उभा कसा राहील, एवढं मला कळत नव्हतं का? पण विचारलं असतं तर तेही बंद केलं असतं त्यांनी. भिंती पातळ, शेजारच्यांना कळेल म्हणून बिचारे दबकत बोलायचे. म्हणून मी प्लॅस्टिकची बादली काढून टाकली आणि पत्र्याची आणली. पाण्याचा आवाज मोठा होतो ना पत्र्यावर. मग ते मोकळेपणानं बोलायला लागले."

मी विचारलं, "काय बोलायचे?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. "तेच तर," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं रोज दाराबाहेर उभी राहिले, पण एक वाक्य म्हणाल तर सांगता येणार नाही. प्लॅस्टिकची राहू दिली असती तर निदान..."

वाक्य अर्धं टाकून त्या उठल्या. न्हाणीघरात जाऊन त्यांनी नळ सोडला आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. आतून पत्र्यावर पाणी कोसळू लागलं. वहिनी पदराला हात पुसत दाराबाहेर उभ्या राहिल्या, आणि बादली भरून वाहू लागली तरी तिथून हलल्या नाहीत.