ठिपकासुदा हलवायचा नाय

रोह्याच्या कंपनीत मी संगणकाचे प्रोग्राम लिहायचो आणि ते कसे चालवायचे याची पुस्तिका पेणच्या एका छापखान्यात छापून घ्यायचो. तिथले मुद्रितं तपासणारे काका जोह्याहून एसटीनं येत. संगणक त्यांनी पाहिलाही नव्हता. माझं प्रत्येक वाक्य ते मोठ्यानं वाचत आणि दम लागेल तिथं लाल पेन्सिलीनं स्वल्पविराम देत. "सायेब, तुमच्या वाक्यात मानूस गुदमरंल," म्हणत. माझी उद्गारचिन्हं तर ते तांदळातल्या खड्यांसारखी वेचून काढत.

प्रोग्रामच्या ओळींभोवती मात्र त्यांनी चौकट आखली आणि छपाईचे खिळे जुळवणाऱ्याला बजावलं, "यातला ठिपकासुदा हलवायचा नाय. आपल्याला कलत नाय म्हंजे चुकलंय असं नाय."

आमच्या नव्या मॅनेजरना ती पुस्तिका गावठी वाटली. त्यांनी मुंबईहून गुळगुळीत कागदावर दुसरी करवून आणली. तिथल्या कुणीतरी प्रोग्राममधले ठिपके फालतू समजून साफ केले होते. प्रशिक्षणाच्या दिवशी शिफ्टमधल्या सगळ्यांनी तिच्यातल्या ओळी टाइप केल्या आणि एकही प्रोग्राम चालेना. मी कपाटातून पेणची पुस्तिका काढली. तीत बघून सगळ्यांनी ठिपके भरले आणि चहा यायच्या आत सगळे प्रोग्राम चालू झाले.

पुढच्या पुस्तिकेसाठी स्वतः लिहिलेली प्रस्तावना घेऊन मॅनेजर माझ्याबरोबर पेणला आले. काकांनी पहिलंच वाक्य मोठ्यानं वाचायला घेतलं. ते अर्ध्यात थांबले, लाल पेन्सिल उचलली आणि म्हणाले, "बसा सायेब. येल लागंल."