एकेचाळीस खड्डे

क्लिफर्ड अटिंग भडकला होता, आणि भडकलेल्या अटिंगच्या वाटेला गावात कोणी जात नसे. एरवी माणूस भलताच चिकाटीचा. बसगाड्या दुरुस्त करायची नोकरी संपल्यापासून तेरा वर्षं तो लार्टर नावाच्या शेतकऱ्याचं एकच शेत चाळत होता. गहू कापला की पेरणीपर्यंतचे आठवडे त्याचे. दोन खुंट्या, मध्ये दोरी, दोन पावलांची पट्टी आणि जमिनीलगत सावकाश फिरणारं, धातू हेरणारं यंत्र. आवाज आला की गुडघे टेकायचे, जुनं बटण नाहीतर ट्रॅक्टरचा नट काढायचा आणि खड्डा बुजवून वर बूट दाबायचा. घाई करणाऱ्यांची त्याला मनापासून चीड होती.

यंदा वरच्या कोपऱ्याजवळ त्याला चांदीची तीन नाणी मिळाली. हजार वर्षांपूर्वीची, नखाएवढी. पुढे आणखी असणार, हे उघड होतं. दुसरा कोणी असता तर तुटून पडला असता. यानं रीतसर सरकारी कचेरीत कळवलं आणि पुन्हा आपली पट्टी धरली.

मंगळवारी सकाळी कोपऱ्यात एकेचाळीस खड्डे होते. रात्री कोणीतरी येऊन उकरून गेलं होतं आणि एकही खड्डा बुजवला नव्हता. एकात लार्टरची मेंढी पाय मोडून पडली होती.

"तुझ्याच जातकुळीतलं कोणीतरी आहे," लार्टर म्हणाला. "रविवारपर्यंत नाव आण. नाहीतर फाटकाची किल्ली परत कर."

अटिंग थेट आपल्या मंडळाच्या गुरुवारच्या बैठकीत धडकला. पबच्या मागच्या खोलीत त्याच्यासारखीच यंत्रं फिरवणारे सगळे शोधकरी जमले होते. आपलं शेत कुठलं हे त्यानं कधीच कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही 'तिकडे' एवढंच माहीत. त्यांच्यातला डेरेक गेझ मात्र वर्षानुवर्षं खोदून खोदून विचारायचा. म्हणून अटिंगनं सगळ्यांसमोर त्याला चोर म्हटलं, हावरट म्हटलं, माझ्या मागावर राहिलास म्हणून सांगितलं.

गेझनं हातातला ग्लास खाली ठेवला आणि फोन पुढे केला. मंडळाच्या इंटरनेटवरच्या पानावर अटिंगनंच टाकलेला फोटो होता तो. तळहातावर नाणं.

"नाणं बघून झालं असेल तर आता त्याच्या मागे बघ, बाबा."

मागे चर्चचा गोल मनोरा होता आणि त्याला खेटून पाण्याची वाकडी टाकी. तसे गोल मनोरे या भागात पुष्कळ, पण ती टाकी एकच. नाण्याचा फोटो मातीवर ठेवूनच काढा, क्षितिज दिसू देऊ नका, हे दर नव्या सभासदाला दटावून सांगणारा अटिंगच होता. तेरा वर्षांनी चांदी दिसली आणि आनंदाच्या भरात त्यानं हात उंच धरला होता.

रविवारी तो फावडं घेऊन फाटकाशी आला. यंत्र घरीच होतं.

"नाव आणलंस?"

"आणलं. क्लिफर्ड अटिंग." आणि फोटोची हकीकत त्यानं सांगून टाकली, एक शब्दही न गाळता.

लार्टरनं फाटक उघडलं. "खड्डे बुजव," तो म्हणाला, "आणि किल्ली खिळ्याला अडकवून जा."

अटिंगनं एकेचाळीसही बुजवले. प्रत्येकावर बूट आपटताना त्यानं चोरांना शिव्या दिल्या, गेझला दिल्या, आणि सगळ्यात जास्त स्वतःला. मग दोरी गुंडाळायला वळला. शेवटची खुंटी कोपऱ्यापासून नऊ पावलांवर होती; आणखी पाच पट्ट्यांत तो तिथं पोचला असता.