खुंट्यापासून अकरा पावलं

ऑफिसातली धूळ आणि ऑफिसातले किस्से, दोन्ही सारखेच. संध्याकाळी झाडून घरी जा, सकाळी पुन्हा तेवढेच! धुळीचा मला पगार मिळतो. किस्से मी फुकटात गोळा करते. आता इतके साचलेत की कपाटात फायलींना जागा उरली नाही.

मी नगरपंचायतीत शिपाई. नाव प्रमिला, शिक्षण चौथी. "शिक्षण चौथी, पण तोंड एम.ए.!" असं आमचे मोठे बाबू म्हणत. म्हणू द्या. गावाचं नाव सांगत नाही. भंडारा जिल्ह्यातलं आहे, अड्याळहून लहान नाही आणि साकोलीएवढं मोठं नाही, एवढं पुरे.

*

आधी आमची ग्रामपंचायत होती. एक दिवस वरून आदेश आला, नगरपंचायत झाली! पेंटर आला, 'ग्राम' खोडलं, 'नगर' लिहिलं, चहा पिऊन गेला.

दुसऱ्या दिवशी एक आजोबा दाखल्यासाठी आले. बराच वेळ वर पाहत उभे राहिले. मग मला विचारलं, "काय व बाई, आता काय काय बदललं?"

मी म्हटलं, "बोर्ड."

*

मग भिंतीवर एक मोठा तक्ता लागला. मंजूर पदे, भरलेली पदे, रिक्त पदे. पुसायचं काम माझं, त्यामुळे रोज वाचणं व्हायचं. सगळ्यात भरलेला रकाना 'रिक्त'चा होता!

इंजिनिअर मिळाले, पण एकच, आणि तेही तीन गावांत वाटून. आमच्या वाट्याला मंगळवार आणि शुक्रवार. उंच, तरुण, पश्चिमेकडचे. लोक फोन करायचे, "इंजिनिअर साहेब हायेत का?"

"आहेत."

"द्या न मंग फोन!"

"आहेत म्हटलं. इथे आहेत असं कुठे म्हटलं?"

*

आता सोमाजीची ओळख करून देते. नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

सोमाजी आमचा व्हॉल्व्हमन. पहाटे उठून, माणसाच्या छातीएवढी लोखंडी चावी खांद्यावर टाकून गावभर फिरायचा. एका मोहल्ल्याचं पाणी सोड, दुसऱ्याचं बंद कर. एकदा खड्ड्यात पडला तेव्हापासून डावा पाय जरा ओढत चालतो. गावाच्या पाइपलाइनचा नकाशा नाही. होता म्हणतात, पण ग्रामपंचायतीचं छप्पर गळलं त्या वर्षी तो लापशी होऊन गेला. तेव्हापासून नकाशा म्हणजे सोमाजीचं डोकं.

इंजिनिअर साहेबांनी पहिल्याच मंगळवारी वही काढली. "सोमाजी, व्हॉल्व्हची ठिकाणं सांगा."

"लिवा साहेब. एक, मारोतीचा बैल जिथं बसे तिथं."

"बैल कुठे आहे?"

"मेला न."

"मग आता तिथे काय आहे?"

"काई नाई. बैल उठला, जागा मोकळी झाली."

साहेबांनी वही मिटली. "आणि दुसरा?"

"फुलाबाईच्या म्हशीचा खुंटा. विहाराकडे तोंड करून अकरा पावलं."

म्हैस विकून फुलाबाईला जमाना झाला होता. खुंटा मात्र दारात होता, त्याला ती कपडे वाळवायची दोरी बांधायची. हा दुसरा व्हॉल्व्ह लक्षात ठेवा. बुद्धविहाराच्या मागच्या आमच्या गल्लीचं पाणी त्यावर आहे. फुलाबाईचं घर गल्लीच्या तोंडाशी, माझं सगळ्यात शेवटी.

*

मग मुख्याधिकारी मॅडम आल्या. कामाच्या आहेत, खोटं बोलणार नाही. त्यांनी आल्याबरोबर अंगठ्याचं मशीन लावलं. अंगठा ठेवला की मशीन बाईच्या आवाजात म्हणायचं, "थँक यू." नाही जमलं की, "प्लीज ट्राय अगेन."

बाबू लोक 'थँक यू' घेऊन पानठेल्यावर जायचे. सोमाजी पहाटेपासून गावाला पाणी पाजून यायचा, अंगठा ठेवायचा, आणि मशीन म्हणायचं, "प्लीज ट्राय अगेन."

इतकी वर्षं लोखंडी चावी फिरवून त्याच्या अंगठ्यावरच्या रेषाच झिजल्या होत्या. अंगठा कसला, तलावाकाठचा गोटा!

"ही बाई काय म्हन्ते व?" त्याने मला विचारलं.

"म्हणते, पुन्हा कर."

"पानी त सोडलं सगळ्याइले. आता पुन्हा काय करू?"

जुनं हजेरी पुस्तक रद्दीत टाक, असं मला सांगितलं. मी 'हो' म्हटलं.

*

आमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता मंजूर झाला. आम्ही बायांनी पेढे वाटले! ठेकेदाराने सोमाजीला सांगितलं, ओल्या सिमेंटखाली पाणी झिरपायला नको, तुमचा व्हॉल्व्ह दोन दिवस बंद ठेवा. सोमाजीने बंद केला. "झाकनावर सिमेंट टाकू नका, मी हाय इथंच," म्हणून बाजूला सुपारी-तंबाखूचा खर्रा चघळत बसला.

तेवढ्यात ऑफिसातून निरोप आला, अंगठा जुळत नाही तोवर मशीनपुढून हलू नका. दोन तास तो मशीनपुढे उभा. प्लीज ट्राय अगेन, प्लीज ट्राय अगेन! परत गेला तर रस्ता फुलाबाईच्या दारापासून शेवटपर्यंत आरशासारखा गुळगुळीत. झाकण खाली. व्हॉल्व्ह बंद.

रस्ता इतका छान झाला की त्यावरून गुंड भरून आणताना पायाला खडाही टोचत नाही. गुंड म्हणजे आमच्याकडची पाण्याची घागर. भरायचा शाळेच्या हातपंपावर. कारण त्या दिवसापासून गल्लीत पाण्याचा थेंब नाही, आणि नवा रस्ता फोडायला ऑफिस तयार नाही!

*

गावात तक्रारीचं ॲप आलं होतं. फुलाबाईच्या सुनेने 'पाणी नाही' म्हणून टाकलं. आठवड्याने मेसेज आला: "आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. आपण समाधानी आहात का?"

फुलाबाई मोबाईल घेऊन ऑफिसात. डोक्यावर रिकामा गुंड. मला दार अडवायचा पगार आहे, पण गुंड बघून मी दार उघडलं, आणि दोन्ही फळ्या उघडल्या.

कॉम्प्युटरवरची ऑपरेटर पोरगी घाबरली. "आजी, सात दिवस झाले की ते सिस्टीममध्ये आपोआप निकाली होतं."

फुलाबाईने गुंड टेबलावर आदळला. "असं का? मंग तुमचं ते निकाली यात भरून दे. जड झालं तरी चालन, मी उचलून नेतो!"

*

मधेच वरून पत्र आलं, क्षमता बांधणी प्रशिक्षण, तीन दिवस, प्रत्येक नगरपंचायतीने एक माणूस पाठवा. इंजिनिअर साहेब दुसऱ्या गावात, बाबू रजेवर, मॅडमची मीटिंग. उरले कोण? मी!

एसी हॉल, पडद्यावर चित्रं. शिकवणाऱ्या साहेबांनी मोठा गोल काढला, मधोमध टिंब ठेवलं. "हा नागरिक. आपल्या सगळ्या सेवांच्या केंद्रस्थानी तो उभा आहे."

मी हात वर केला. "साहेब, तो उभा काहून आहे?"

हॉल हसला. साहेब हसले नाहीत. "म्हणजे?"

"आमच्या ऑफिसातही तो उभाच असतो. बसायला काही नाही."

परत आल्यावर स्टोअरमधलं मोडकं बाकडं काढलं, पाय ठोकून घेतला, दारात मांडलं. मॅडमनी विचारलं, "ट्रेनिंग कसं झालं?" मी म्हटलं, "मॅडम, आपली क्षमता एका बाकड्याने वाढली."

पहिली फुलाबाई बसली. पाणी येईपर्यंत उठणार नाही म्हणाली.

*

आता सोमाजीच्या नोटिशीचा किस्सा. मशीनच्या हिशेबाने सोमाजी चार महिने कामावर आलाच नव्हता! ऑपरेटर पोरगीने यादी काढली, ती यादी वरच्या ऑफिसला गेली, तिकडून आदेश, मॅडमची सही. 'आपण सतत गैरहजर का आहात, याची कारणे दाखवा.' महिनाअखेर त्याची सेवानिवृत्ती, आणि कागदावर लागणार गैरहजर!

नोटीस पोहोचवायचं काम शिपायाचं. मी शोधत गेले. सोमाजी बसस्टँडमागच्या खड्ड्यात कमरेएवढ्या पाण्यात उभा होता, फुटलेला पाइप दोन्ही हातांनी दाबून.

"सोमाजी, नोटीस आहे."

"काहून?"

"तू कामावर नाहीस."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पाण्याकडे. "ठेव काठावर. हात ओले हायेत."

*

मॅडमनी इंजिनिअर साहेबांना फैलावर घेतलं. सोमाजी निघून जायच्या आत विहारामागचा व्हॉल्व्ह सापडलाच पाहिजे! साहेबांनी वही उघडली. फुलाबाईचा खुंटा, अकरा पावलं. गेले, विहाराकडे तोंड केलं, मोजली अकरा, ब्रेकरने रस्ता फोडला. खाली मुरूम! जरा अलीकडे फोडला. मुरूम! उजवीकडे फोडला. फुलाबाई बाकड्यावरून उठून बघायला आली होती. "साहेब, विहीर खनून राहिले का? मंग एकाच ठिकानी खना न, पानी तरी लागन!"

तीन भोकं झाल्यावर मॅडमनी काम थांबवलं. नव्या रस्त्याची चाळणी झाली तर वर उत्तर कोण देणार?

सोमाजी पलीकडे झाडाखाली बसून पाहत होता. साहेब त्याच्याकडे गेले. घाम पुसत म्हणाले, "सोमाजी, मी बरोबर अकरा पावलं मोजली हो!"

"तुमची मोजली. पाय पाहा तुमचे. सारसासारखे!"

"मग तुम्ही मोजून द्या ना."

सोमाजीने खर्रा थुंकला. "मी कसा मोजू? मी गैरहजर हाव. त्या मशीनले मी दिसत नाई, त मशीनलेच विचारा व्हॉल्व्ह कुठं हाय."

मी त्याच्यावर तिथेच तडकले. "अरे, मशीन त्यांचं, तहान आमची! माझा घसा काहून वाळवतो?"

तो उठून गेला. डावा पाय ओढत.

*

महिनाअखेर आली. दुपारी सत्काराचा कार्यक्रम. शाल, श्रीफळ, हार. अध्यक्ष माईकवर म्हणाले, "सोमाजी म्हणजे या शहराची जीवनवाहिनी!" सकाळपर्यंत गैरहजर, दुपारी जीवनवाहिनी! सोमाजी खुर्चीत शाल पांघरून, मान खाली. मांडीवर नारळ.

मॅडम बोलायला उठल्या तशी मी कपाटातून ते हजेरी पुस्तक काढलं आणि त्यांच्यापुढे टेबलावर आपटलं. मशीन आलं त्या दिवसापासून, ट्रेनिंगचे तीन दिवस सोडले तर, रोज सकाळी मी सोमाजीची सही घेतली होती. चांगली मोठ्या अक्षरांत, दोन-दोन रकाने अडवून. रविवारीसुद्धा!

"प्रमिलाबाई, हे रद्दीत टाकायला सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं. मी टाकलं नाही. काय करायचं ते करा. पण आधी वाचा."

मॅडमनी पानं उलटली. एक, दोन, दहा. मग त्यांनी पेन काढलं, प्रत्येक पानाखाली सही केली, अगदी शेवटपर्यंत. नोटिशीवर 'रद्द' लिहिलं. आणि शाळेत बाई हजेरी घेतात तशी हाक मारली, "सोमाजी?"

सोमाजी उभा राहिला. गळ्यात हार, हातात नारळ. "हजर, मॅडम!"

टाळ्या पडायच्या आत तो चालायला लागला. दाराबाहेर. कार्यक्रम त्याच्या मागे! मॅडम, अध्यक्ष, बाबू, आणि टेप घेऊन धावणारे इंजिनिअर साहेब. थेट फुलाबाईच्या खुंट्यापाशी. खुंट्याला टाच टेकवली, विहाराकडे तोंड केलं. एक, दोन, तीन... दर पावलाला डावा पाय ओढला जाई आणि तो जरासा डावीकडे सरकत जाई. अकराव्या पावलाला वाकला आणि नारळ रस्त्यावर ठेवला.

"इथं."

फोडलं. खाली झाकण! सोमाजी हारासकट आत उतरला, चावी लावली. मी गल्लीच्या शेवटी पळाले. आमचा नळ आधी खोकला, मग हवा सोडली, मग लाल पाणी, मग पांढरं. तिकडून फुलाबाई ओरडली, "आलं व, प्रमिला, आलं!"

सोमाजी वर आला, नारळ उचलला, इंजिनिअर साहेबांना म्हणाला, "चला. आता बैलाकडे."

दिवस मावळेपर्यंत साऱ्या गावात तो नारळ ठेवत गेला, आणि साहेब मागून टेपने मोजून वहीत लिहीत गेले.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिस उघडून झाडत होते. सोमाजी चावी जमा करायला आला. अंगात धुतलेला सदरा, हात पहिल्यांदाच कोरडे, खांद्यावर लोखंड. चावी माझ्या टेबलाला टेकवून ठेवली. बाकड्यावर बसला, पाणी प्यायला. उठला. रोजची सवय, जाता जाता मशीनवर अंगठा ठेवला.

मशीन म्हणालं, "थँक यू."

सोमाजी थांबला. मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"घे व बाई," तो म्हणाला. "आता दिसलो!"