चापाजवळचा लाल डाग

वडपे गावातल्या गोदामात गनमनची ड्युटी मिळाली, पण रायफल स्वतःची हवी होती. लायसन्स घेऊन मी भिवंडीतल्या बंदुकीच्या दुकानात गेलो. लष्कराने मोडीत काढलेली एक जुनी रायफल तिथे विक्रीला होती. ती ज्या फौजीने विकत घेतली होती, त्याची विधवा स्टुलावर बसली होती.

मी बोल्ट ओढला, नळीतून उजेड पाहिला. तान्हं मूल परक्याच्या हातात दिल्यासारखी ती दर वेळी पुढे वाकायची. चापाजवळच्या खाचेत मला लालसर डाग दिसला.

"गंज धरलाय," मी दुकानदाराला म्हणालो.

"गंज न्हाय भाऊ, कुंकू हाय," ती म्हणाली. "दर दसऱ्याला लावते. तुमच्यात पुजतात ना?"

आम्ही बौद्ध, आमच्यात शस्त्रं पुजत नाहीत. तसं सांगितलं आणि वाटलं, आता ही रायफल देत नाही.  पण नळीवरचे माझ्या बोटांचे ठसे पदराने पुसून तिने रायफल माझ्याकडे सरकवली.

"मग तेल तरी येळेवर लावा."

ती पुन्हा भेटली नाही. तेल मी दर रविवारी लावतो, त्या खाचेत मात्र फडकं घालत नाही. परवा सुपरवायझर म्हणाला, गंज दिसतोय.

"गंज न्हाय," मी म्हणालो, "कुंकू हाय."