पंपाची पातळ भिंत

जवळ बस की जरा. आल्या आल्या कॉम्प्युटर जुना झाला म्हणून कुरकुर कसली करतोस?

आमच्या खालच्या मजल्यावरचा एक जण एकोणीसशे नव्वदच्या सुमारास लोखंड ओतायच्या फौंड्रीसाठी कॉम्प्युटरवर पंपांची डिझाइनं काढायचा. त्याच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं. मशीन कामात असलं की, "थांबा काकी, गणित करायलंय," म्हणून आम्हाला गप्प करायचा. खंडेनवमीला मशीनवर झेंडू ठेवायचा, पण कुंकू टेबलाला लावायचा. पूड आत जाईल म्हणून.

पुढं वर्कस्टेशन म्हणतात तो मोठा कॉम्प्युटर आला. त्याच्या पडद्यावर पंप आतूनही फिरवून बघता यायचा. आम्ही बघायला जमलो तेव्हा यानं हौसेनं जुन्या मशीनवर काढलेलं आपलंच डिझाइन चढवलं, तर एका जागी भिंत पातळ निघाली. तिथं पंप फुटला असता. आणि त्याचं ओतकाम त्याच दुपारी होतं.

बायको म्हणाली, "गप बसा की. हातचं काम जाईल."

यानं स्कूटर काढली, उद्यमनगरात फौंड्रीत जाऊन भट्टीपाशी सगळ्यांदेखत सांगितलं, "ओतू नका. चूक माझी हाय."

मालकानं शिव्या घातल्या, पण ओतणं थांबवलं. त्यानंतर दुसऱ्यांची डिझाइनंही तपासायला याच्याकडंच येऊ लागली.

पुढच्या खेपेला सवड काढून लवकर ये. तुला खाली त्याच्याकडं नेते. चपला तेवढ्या बाहेर काढ.