सभागृहात सांगितलेली अर्धी गोष्ट

आयुष्यात एक दिवसही वर्गावर न गेलेल्या या आमदारांना सगळे मास्तर म्हणत. चार माणसं दिसली की त्यांचं व्याख्यान सुरू व्हायचं आणि एकदा सुरू झालं की आवरता आवरायचं नाही. घरातली खरी मास्तरीण म्हणजे त्यांची वहिनी. आई लवकर गेली, तेव्हा नव्यानेच घरात आलेल्या वहिनीने या धाकट्या दिराला वाढवलं, अक्षरं गिरवून घेतली, कान धरून शाळेत नेलं. घराजवळच्या त्याच सरकारी शाळेत ती अजून शिकवत होती.

पालकांना हवी ती शाळा निवडता यावी आणि सरकारचा त्या मुलावरचा खर्च मुलाच्या मागोमाग त्या शाळेत जावा, असं मास्तरांचं विधेयक होतं. त्यासाठी त्यांनी जिवाचं रान केलं. बाकीचे सदस्य डुलक्या काढत असताना हे समितीच्या बैठकीत टिपणं काढत बसायचे. वहिनी विरोधात नव्हती. "निवडू देत की," ती म्हणायची, "फक्त त्यांना खरं काय ते कळू दे."

एकदा जेवताना तिने आपल्या वर्गातल्या एका मुलीची गोष्ट सांगितली. "चौथीत आली तेव्हा स्वतःचं नावसुद्धा वाचता येत नव्हतं तिला. मी रोज शाळा सुटल्यावर घेऊन बसले. आता रस्त्याने दुकानांच्या पाट्या वाचत सुटते. बरोबरच्या पोरी वैतागतात, घरी जायला उशीर होतो म्हणून. आई दिवसभर कामावर, तिला अजून पत्ताच नाही." मास्तर पोटभर हसले होते.

विधेयक सभागृहात आलं त्या दिवशी मास्तरांनी वहिनीसाठी मुद्दाम प्रेक्षक गॅलरीचा पास काढला. आपण वाढवलेलं पोर कसं बोलतं ते तिने एकदा बघावं, एवढीच हौस. भाषण रंगात आलं होतं. तेवढ्यात समोरच्या बाकावरून कुणीतरी टोमणा मारला, "हवेतल्या गप्पा पुरे. एक शाळा दाखवा."

मास्तरांचं डोकं फिरलं. "दाखवतो ना. माझ्या घराजवळच्या शाळेत चौथीतल्या मुलीला स्वतःचं नाव वाचता येत नाही. तिने काय तिथेच कुजायचं?"

बाकं वाजली. बाकं वाजली की आमदाराला गोष्टीचा उरलेला भाग आठवत नाही, आणि आठवला तरी सांगवत नाही. मास्तरांना आठवला होता. त्यांनी सवयीने वर पाहिलं. वहिनी मान खाली घालून पर्सचा बंद बोटाला गुंडाळत होती.

विधेयक मंजूर झालं. घरी जाताना गाडीत मास्तर म्हणाले, "वहिनी, ते आपलं बोलण्याच्या ओघात..."

"हं," वहिनी म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

भाषणाचा तेवढाच तुकडा घरोघरच्या मोबाईलवर फिरला. नव्या सत्रात कायदा लागू झाला आणि वहिनीच्या वर्गातली बाकं रिकामी व्हायला लागली. एके दिवशी ती शाळेतून आली आणि चपला न काढताच स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली.

"ती पण गेली," ती म्हणाली. "तिची आई आली होती. म्हणाली, बाई, तुमचा सख्खा दीर सांगतोय म्हणजे खोटं कसं असेल? मी काय बोलणार?"

मास्तरांचे कान तापले. लहानपणी वहिनीने कान धरला होता तेव्हाही त्यांना इतकी लाज वाटली नव्हती. "मी अध्यक्षांना सांगून ते शब्द कामकाजातून काढून टाकायला लावतो," ते घाईघाईने म्हणाले.

"लाव," वहिनी म्हणाली. "आणि तिच्या आईच्या डोक्यातून कसे काढशील?"

त्यानंतर काही दिवसांनी मास्तर सकाळी कार्यालयात निघाले होते. चौकातल्या बसथांब्यावर त्यांचाच मोठा फलक होता, तो बघायला ते गाडीतून उतरले. त्याखाली नव्या गणवेशातली एक मुलगी बोट उंचावून मोठ्याने वाचत होती, "तुमची शाळा... तुमची निवड." मग मास्तरांचं नाव. एकही अक्षर चुकलं नाही.

तिच्या आईने मास्तरांना ओळखलं आणि तिचा चेहरा उजळला. "साहेब, ही तीच हो, तुम्ही भाषणात सांगितलेली. बघा, नव्या शाळेत घातली आणि लगेच वाचायला लागली. तुमचे उपकार कसे फेडू?"

थांब्यावरची माणसं वळून बघायला लागली. कुणी मोबाईल वर धरला. हिला वाचायला माझ्या वहिनीने शिकवलं, एवढं एकच वाक्य सांगायचं होतं. मास्तरांचं आयुष्यभर आवरता न आलेलं तोंड त्या दिवशी नेमकं मिटलं. "छान, छान," ते म्हणाले, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि गाडीत जाऊन बसले.

संध्याकाळी वहिनीने ताट वाढलं. पाणी ठेवता ठेवता तिने सहज विचारलं, "ती पोरगी कुठे दिसते का रे तुला?"

"दिसली. चौकातला फलक वाचत होती."

"पूर्ण?"

"पूर्ण."

कित्येक दिवसांनी वहिनीचा चेहरा खुलला. "बघ, मी म्हटलं नव्हतं?" ती म्हणाली. "तिची आई होती ना बरोबर? काय म्हणाली?"

मास्तरांनी घास उचलला, पण तो तोंडापर्यंत गेला नाही.